बक्षीसपात्र कचरा

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे इतरांना नावं ठेवायला मी मोकळी. वाक्य असं होतं: "आमच्या बिल्डिंगमधली माणसं सुशिक्षित आहेत, त्यांच्याकडून अगदी व्यवस्थित कचरा मिळेल." मिळाला. इतका व्यवस्थित कचरा मी जन्मात पाहिला नव्हता.

मी मस्कतजवळच्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सांभाळते. आम्ही जे करतो त्याला संस्थेच्या कागदांवर 'टाकाऊ पदार्थांपासून ऊर्जा आणि उपयुक्त संसाधने' असं म्हणतात. माझ्या सासरी त्याला गोबरगॅस म्हणतात. सासऱ्यांनी एकदा फोनवर अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं, की एवढ्यासाठी समुद्र ओलांडायची काय गरज होती, आपल्या तालुक्याला दोन बंद पडलेले आहेत. 

संस्थेच्या दर्शनी इमारतीत भिंतभर हिरवे बाण गोल फिरतात. खजुराच्या बियांपासून निघतात, एका कारखान्याच्या चित्रातून जातात, दिव्याला शिवतात आणि परत खजुराच्या झाडावर येऊन बसतात. पाहुणे आले की बाणांसमोर उभे राहून फोटो काढतात. आठ वर्षांत त्या बाणांनी एक कप चहा गरम केल्याचं मला आठवत नाही. खरं काम चालतं मागे, पार्किंगच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे एक बंद टाकी आहे, कचरा दळायचं यंत्र आहे, गॅस मोजायचा मीटर आहे आणि कायम एकाच बाजूला मान वळवलेला टेबलफॅन आहे. पाहुण्यांना तिकडे नेत नाहीत, कारण तिथे वास येतो.

शेड तिची होती. ती म्हणजे इब्रा नावाच्या गावाहून आलेली एक ओमानी मुलगी, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. मला उस्ताझा म्हणते, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, जरी मी तिला यंत्र बंद कसं करायचं यापलीकडे फारसं काही शिकवलेलं नाही. तिचा प्रश्न साधा होता: एका बिल्डिंगच्या स्वयंपाकघरांतून रोज जे फेकलं जातं, त्यातून गॅस किती निघतो आणि रोज सारखा निघतो का. प्रयोगशाळेत भात मोजून, कोबी चिरून केलेला 'आदर्श कचरा' टाकीला घालून पुष्कळांनी प्रबंध लिहिलेत. हिला घरांतला हवा होता. टाकीत जिवाणू लागतात, म्हणून तिने इब्राला वडिलांच्या गोठ्यातलं शेण चार पिंपांत भरून स्वतःच्या गाडीतून आणलं, काचा उघड्या टाकून. तिचा भाऊ त्यानंतर त्या गाडीत बसलेला नाही.

आणि एवढं झाल्यावर संस्थेच्या समितीला शेड हवी झाली. पाहुण्यांना बाण दाखवायला फिरवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या उन्हात उभ्या राहतात, त्यांना सावली हवी होती. समितीच्या प्रमुखांनी तिला सहा आठवडे दिले. सहा आठवडे खऱ्या घरांतला कचरा घालून टाकीने नियमित गॅस दिला तर शेड राहील. नाही दिला तर टाकी मोडायची आणि तिने नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. हे सांगताना ती रडलीबिडली नाही. हात झटकून "खलास" म्हणाली आणि टाकीचं तापमान बघायला गेली. तेव्हा मला भरून आलं आणि मी ते वरचं वाक्य बोलले.

आम्ही अल् घुब्राला राहतो, शाळेच्या जवळ. बिल्डिंगमध्ये बारा घरं आपल्या लोकांची आहेत. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष चौथ्या मजल्यावर राहतात, आणि ग्रुपवर त्यांनी अंगठा दाखवल्याशिवाय कुणी कशाला हो म्हणत नाही. म्हणून मी त्यांना फक्त चार ओळींचा मजकूर दिला: ओला कचरा वेगळा ठेवा, सकाळी सातला संस्थेचा पिकअप येऊन नेईल, जे असेल ते द्या. त्यांनी त्याचा कार्यक्रम केला.

गणपती नुकतेच झाले होते, त्यामुळे मंडळाकडे बॅनर छापणाऱ्याचा नंबर हाताशी होता. शुक्रवारी सकाळी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बारा निळ्या बादल्या ओळीने मांडल्या. वर बॅनर: 'कचऱ्यातून ऊर्जा, ऊर्जेतून संस्कार'. दुसरा टप्पा शास्त्रीयदृष्ट्या कसा साधायचा हे मला आजही माहीत नाही. बादल्यांना हळदकुंकू वाहिलं. नारळ फुटला. खोबरं वाटलं गेलं आणि करवंटी शुभारंभ म्हणून एक नंबरच्या बादलीत टाकण्यात आली. ती रविवारी आमच्या दळायच्या यंत्रात पोचली आणि पातं वाकवून मोकळी झाली. हे काय होतं, असं शेडमधल्या मुलीने विचारलं. धार्मिक योगदान, असं मी सांगितलं.

भाषणाच्या शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं, की दिवाळीच्या स्नेहसंमेलनात 'आदर्श कचरा कुटुंब' म्हणून फिरती ढाल दिली जाईल आणि दर आठवड्याला तिघांची समिती बादल्यांची पाहणी करून गुण देईल. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, हे लिहायला हवं. मला वाटलं, बरं झालं, लोकांना उत्साह येईल.

उत्साह आलाच. दुसऱ्या आठवड्यात टाकीचा गॅस घसरायला लागला. तिने आधी झाकण तपासलं, मग नळ्या, मग मीटर बदलून पाहिला. मग आम्ही दोघी यंत्रापाशी उभ्या राहून, आत काय जातंय ते बघायला लागलो. कोथिंबिरीच्या काड्या, दोऱ्याने जुडी बांधलेल्या. केळ्याची सालं, घडी घालून. धुतलेली चहापत्ती, चहापत्ती धुणारी माणसं माझ्या शेजारी राहतात हे मला तेव्हा कळलं. मटारच्या शेंगा, सगळ्या एका दिशेने. एका बादलीतून गुलाबपाण्याचा वास येत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीत इतकं फिनेल होतं, की ती अख्खी ओतून द्यावी लागली. जिवाणू मारण्यासाठी बनवलेली वस्तू आम्ही जिवाणूंच्या ताटात वाढणार होतो. आणि शिळा भात, पोळी, भाजी, डाळ, ज्यातून खरा गॅस निघतो, त्यातलं काहीच नाही.

"उस्ताझा," तिने मला विचारलं, "तुमच्याकडे भात उरत नाही?"

या ठिकाणी मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला दहा मिनिटं सांगितलं, की आमच्याकडे माणशी मूठ मोजून तांदूळ घेतात, उरलेल्या पोळीचा चिवडा करतात, भाताला फोडणी देतात, पानात टाकणं पाप मानतात. सगळं खरं होतं, माझ्या आईच्या घरी. तिने ते वहीत लिहून घेतलं. नवरात्र सुरू झालं तेव्हा बादल्याही उपवासाला बसल्या: रताळ्याची सालं, शेंगदाण्याची फोलपटं आणि एक पूर्ण चांगलं सफरचंद, जे बहुधा गुणांसाठी घातलं होतं.

या सगळ्यात एकच बादली वेगळी होती, तळमजल्यावरची दोन नंबरची. तिथे वसईचं कुटुंब राहतं. नवरा एका हॉटेलात आचारी, बायको दवाखान्यात काउंटरवर. तिच्या बादलीत बांगड्यांची डोकी असत, हाडं असत, रविवारच्या रश्शातला भात आणि आंबलेलं पीठ असे. झाकण उघडलं की डोळे मिटायचे. ती बादली पोटात गेली की टाकी चार तास आनंदात असे; मीटरकडे बघून आज दोन नंबर आधी घातली का नंतर हे सांगता येई. मंडळाच्या गुणतक्त्यात दोन नंबर सुरुवातीपासून शेवटची होती. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन, "ताई, त्यांना जरा मार्गदर्शन करा," असं सुचवलं.

मी गेले, मार्गदर्शन करायला नव्हे, तिचे आभार मानायला. पण अध्यक्षांचा निरोप तोंडातून निघून गेलाच. ती ओट्याशी मासे साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"तू कचरा मागितलास ना, बाय? मी कचरा दिला. आता काय त्याला इस्त्री करून देऊ?"

मी म्हटलं, तसं नाही, बाकीच्यांचा फार स्वच्छ असतो म्हणून जरा.

"बाकीच्यांचा स्वच्छ असतो," ती म्हणाली आणि हसली. "बाकीच्यांचं नातूरला विचार जा."

नातूर म्हणजे आमच्या बिल्डिंगचा राखणदार, चितगावचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो जिन्याखालच्या खोलीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि कोण कधी आलं-गेलं, कुणाच्या घरी पाहुणे आहेत, कुणाचा एसी गळतोय हे सगळं त्याला माहीत असतं; विचारल्याशिवाय सांगत नाही. मी विचारलं. त्याला आश्चर्य वाटलं ते मला माहीत नव्हतं याचं.

"नीला बाल्टी आपका, मॅडम," तो म्हणाला. "काला थैली बलदिया का. असली माल सब काला थैली में."

बलदिया म्हणजे नगरपालिका. तिचा चाकांचा मोठा डबा रस्त्याच्या कोपऱ्यावर असतो. पहिल्या आठवड्यापासून लोक निळी बादली पार्किंगमध्ये ठेवत होते आणि काळी पिशवी गाठ मारून त्याच्या हातात देत होते, कोपऱ्यावर टाकून ये म्हणून. तो सकाळी सहाला त्या वाहून न्यायचा, म्हणजे आमच्या पिकअपच्या बरोबर एक तास आधी. पिशव्यांत काय असतं ते त्याला वजनावरून आणि गळण्यावरून ठाऊक होतं. तो मजल्यामजल्याने सांगायला लागला: कुठल्या घरातून रोज पोळ्या, कुठून दूध नासलेलं, आणि ज्या घरी देवासमोर कांदासुद्धा चालत नाही तिथून कोंबडीची हाडं. मी त्याला थांबवलं. म्हटलं, घराचे नंबर सांगू नकोस, मला नकोत.

तो थांबला. मग जरा विचार करून म्हणाला, "आपका भी है मॅडम. बोलूँ?"

मी म्हटलं, आमच्याकडून शक्यच नाही, मी तर हे काम करते.  त्याने खुर्ची पुसली.

घरी आले आणि सिंकखालचं दार उघडलं. निळी बादली जागेवर होती: भोपळ्याची सालं, पुदिन्याच्या काड्या, सुबक. दाराच्या आतल्या खिळ्याला काळी पिशवी लटकत होती. तिच्यात परवाची पावभाजी होती, वाडगाभर भात, अर्धी दह्याची वाटी, एक चावा घेतलेला डोसा. आमची मुलगी पाणी प्यायला आली होती. पाचवीत आहे, शाळेत इंग्रजीतच बोलतात, घरी माझ्यासाठी मराठीची मेहनत करते.

"आई, ते रिअल वालं आहे," ती म्हणाली. "ब्लू वालं तुझ्या ऑफिससाठी."

हे कधीपासून, असं मी विचारलं.

"फ्रॉम बिगिनिंग. तूच बोलली. भात नको टाकू, खाली सगळे बघतात."

बोलले होते. विचार करून बोलले नव्हते, गॅस बंद कर म्हणतो तसं बोलले होते, पण शब्द माझेच होते. सोफ्यावरून नवऱ्याने मान वर न करता सांगितलं, "तू बादलीवर घराचा नंबर घातलास, ती शेजाऱ्यांसमोर मांडलीस, आणि आता म्हणतेस खरं द्या." नंबर मीच घातले होते, हे त्याचं बरोबर होतं. ब्रशने, ठळक, दुरून वाचता यावेत म्हणून. अध्यक्षांनी त्यावर फक्त ढाल ठेवली.

तरीही मी आधी चौथ्या मजल्यावरच गेले, कारण दोष दुसऱ्याकडे आधी बघून यावा असं कुणालाही वाटतं. स्पर्धा रद्द करा म्हटलं. ढाल कोरून आली होती, आणि पाहुण्या ठरल्या होत्या. पाहुण्या कोण, तर शेडमधली आमची संशोधक. अध्यक्षांनी तिला परस्पर फोन करून बोलावलं होतं आणि तिला नाही म्हणता आलं नव्हतं. मी लोकांच्या काळ्या पिशव्यांचं सांगितलं, घरं न सांगता. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मंडळाच्या वाचनालयासाठी पुस्तकं मागत आपण बारा घरं फिरलो होतो, आठवतं? किती आली? आज बारा बादल्या रोज सात वाजता खाली असतात. ही ढाल नसती तर तिसऱ्या दिवशी दोन राहिल्या असत्या."

"आणि आमच्याकडे तर काही उरतच नाही हो," वहिनी आतून म्हणाल्या.

अध्यक्ष पंख्याकडे बघू लागले. गुणतक्त्यात चौथा मजला पहिला होता.

रविवारी शेडमध्ये गेले. तिने संस्थेच्या समितीसाठी मसुदा लिहून ठेवला होता आणि मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, की भारतीय मध्यमवर्गीय घरांत अन्न जवळजवळ वाया जातच नाही, त्यामुळे अशा घरांवर टाकी चालवणं व्यवहार्य दिसत नाही. प्रमुखांना ते तोंडी सांगितलं तेव्हा फार आवडलं होतं. निष्कर्ष उदात्त होता आणि शेड मोकळी होत होती. ती स्वतःच्या हाताने स्वतःचा विषय बंद करत होती, आणि कारण काय तर मी दहा मिनिटं फोडणीच्या भाताचं व्याख्यान दिलं होतं.

मी सगळं सांगितलं. काळ्या पिशव्या, ढाल, नंबर, माझी पिशवी. ती टेबलफॅनची मान स्वतःकडे वळवायला गेली, ती काही वळली नाही. मग ती बसली.

"चार आठवडे, उस्ताझा," ती म्हणाली.

एवढंच. मी शिव्या खायची तयारी करून गेले होते, ते सोपं गेलं असतं. मग तिने विचारलं की माझ्या पिशवीत काय काय होतं. मी सांगितलं. तिने लिहून घेतलं आणि पावभाजीवर रेघ मारली: लोणी असतं ना, चांगला गॅस येईल. मग वही मिटून तिने तिच्या आईची गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी टाकी सुरू करताना तिने इब्राला घरीच कचरा मागितला होता. आईने एक सुंदर पिशवी दिली, लिंबाची सालं आणि पुदिना. त्याच दिवशी मागच्या दाराने भाताचं आणि मटणाचं मोठं ताट बकऱ्यांपुढे जाताना हिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आदल्या दिवशी पाहुणे होते आणि पाहुण्यांसमोर कमी पडायला नको म्हणून दुप्पट रांधलं होतं. "मी ते पाहिलं आणि मला काही कळलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, ती माझी आई आहे, हा नमुना नाही."

दोन आठवडे उरले होते. स्पर्धा बंद करता येत नव्हती, नंबर पुसले तरी कुणाची बादली कुठली हे बारा घरांना तोंडपाठ होतं. उपाय नातूरनेच सुचवला, उपाय म्हणून नव्हे, तक्रार म्हणून: एवढ्या पिशव्या कोपऱ्यापर्यंत उचलून त्याची कंबर धरली होती. मग त्याच्या खोलीमागे, जिथे कुणाच्या खिडकीतून दिसत नाही, तिथे आम्ही एक पिंप ठेवलं. काळं, झाकणाचं, नंबर नाही. पिशव्या बलदियाच्या डब्याऐवजी त्यात रिकाम्या व्हायच्या आणि पिकअप ते पिंप न्यायचा. निळ्या बादल्या होत्या तिथेच राहिल्या, गुण मिळवत. अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. पिंपाबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही, असं त्यांनी मला स्वतःहून तीनदा सांगितलं.

स्पर्धेचा कचरा आता टाकीला नको होता. तो ती दर गुरुवारी इब्राला घेऊन जायची. कोथिंबिरीच्या जुड्या, घडी घातलेली सालं, सगळं तिच्या वडिलांच्या बकऱ्यांना. इतकं निवडलेलं खाणं त्यांना कधी मिळालं नव्हतं. सफरचंदावरून म्हणे मारामारी झाली.

पिंपाने पहिल्या चार दिवसांत टाकीचा कल बदलला. आठव्या दिवशी गॅस इतका होता, की तिने शेडमधली शेगडी पेटवली आणि ज्योत निळी आली. आम्ही त्यावर चहा केला. शेडमध्ये वास असा होता, की चहा कशाचा लागतो ते सांगणं कठीण, पण दोघींनी दोन-दोन कप घेतले. आपल्या बिल्डिंगच्या खोटेपणावर उकळलेला पाण्याचा तो पहिला थेंब, असं मी म्हटलं. तिने ते भाषांतर करून मागितलं आणि मग म्हणाली की हे प्रबंधात नको.

समितीची बैठक दिवाळीच्या आदल्या गुरुवारी झाली. पहिले चार आठवडे बाद का धरायचे, याचं लेखी कारण प्रमुखांनी मागितलं. तिने मसुदा करून आणला होता. त्यात नमुना गोळा करण्यात 'अडचणी आल्या' असं मोघम लिहिलं होतं, मला वाचवायला. मोघम लिहिलं तर प्रमुख टाकीचाच दोष धरणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी तिच्याकडून कागद घेतला आणि लिहिलं, की बादल्यांवर घरांचे क्रमांक घालण्याची पद्धत प्रयोगशाळा प्रमुखांची, म्हणजे माझी होती, ती चुकीची होती, लोकांनी त्यामुळे दाखवण्याजोगा कचरा दिला आणि संशोधिकेचा यात काही दोष नाही. खाली सही केली. आठ वर्षांत माझा एकही अहवाल ज्यांनी शेवटपर्यंत वाचला नाही, त्या प्रमुखांनी हा परिच्छेद मोठ्याने दोनदा वाचला आणि माझ्या वार्षिक मूल्यमापनाच्या फायलीत लावायला सांगितला. मग म्हणाले, शेवटच्या दोन आठवड्यांचे आकडे पाहता नव्याने सहा आठवडे द्यायला हरकत नाही, इन्शाल्ला. बॅटरीच्या गाड्या तोवर उन्हात राहतील याचा मात्र त्यांना खेद आहे. खेद इतिवृत्तात नोंदवला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये स्नेहसंमेलन. तोच बॅनर, खाली 'बक्षीस समारंभ' चिकटवलेलं. पाहुण्यांचा परिचय अध्यक्षांनी इतका वाढवून करून दिला, की आपण पीएचडी कधी संपवली हे आठवायचा ती प्रयत्न करत असावी. ढाल चौथ्या मजल्याला गेली. वहिनींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खरंच डोळे पुसले. दुसरा क्रमांक आमचा. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. व्यासपीठावर जाऊन मी प्रमाणपत्र घेतलं, तिने ते अतिशय गंभीर चेहऱ्याने दिलं आणि अभिनंदनाचा हात मिळवताना हळू म्हणाली, "मबरूक, उस्ताझा. पुदिना छान होता."

दोन नंबरचं नाव कुठेच नव्हतं. वसईची बाई तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती आणि माझ्याकडे बघत होती.

जेवणं झाली. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी. पाहुण्यांसमोर कमी पडायला नको म्हणून भरपूर. उरलंही भरपूर. पिकअप मागच्या दाराशी उभा होता, त्यात पिंप. लोक भांडी आवरत होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तेवढ्यात अध्यक्ष स्वतः एक मोठं पातेलं कडेवर धरून बाहेर आले, वर वर्तमानपत्र झाकलेलं.

"ताई, हे कुठल्या घरचं नाही हं," ते म्हणाले. "मंडळाचं आहे. मंडळाचं चालतं ना?"

चालतं, मी म्हटलं. आमच्या संशोधक पाहुणीने पिंपाचं झाकण उघडून धरलं. पातेलं रिकामं होईपर्यंत ते रस्त्याकडे बघत उभे होते.

शनिवारी सकाळी मी आमची काळी पिशवी घेऊन खाली गेले. नवे सहा आठवडे त्या दिवशी सुरू होत होते. नातूर खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत होता. हे त्याला आता न सांगता जमतं. पिंपावर नंबर नाही, आजूबाजूला खिडकी नाही, पिंपात आधीच बारा घरांचं काय काय पडलेलं. मी आधी भात टाकला. मग डाळ. मग वाकून, निळ्या बादलीतून काढून आणलेली भोपळ्याची सालं त्यावर नीट पसरून टाकली, आणि हात धुवायला वर आले.